नंबर सारखा बदलतोय? कॉर्नियाची मागची बाजू बघायला हवी

कॉलेजच्या वयातल्या मुलाचा सिलिंड्रिकल नंबर दर सहा-आठ महिन्यांनी वाढतोय, चष्मा लावूनही अक्षरांना सावली दिसतेय, त्यात डोळे चोळायची सवय. अशा वेळी नवा चष्मा करण्याआधी कॉर्नियाचा स्कॅन करून घ्यावा. केराटोकोनस असेल, तर बुबुळावरचा हा पारदर्शक पडदा पातळ होत शंकूसारखा पुढे येत असतो.

निरोगी कॉर्निया मध्यभागी साधारण 540 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड असतो. जुन्या टोपोग्राफीत, म्हणजे कॉर्नियाच्या आकाराचा नकाशा काढायच्या तपासणीत, डोळ्यावर प्रकाशाची वर्तुळं पाडून त्यांच्या प्रतिबिंबावरून वक्रता काढतात, पण ती फक्त पुढच्या पृष्ठभागाची. त्यात एपिथेलियम हा सर्वांत वरचा, जेमतेम 50 मायक्रॉनचा थर भलताच लबाड. शंकूच्या टोकावर तो पातळ होतो, भोवती जाड होतो आणि सुरुवातीचा उंचवटा झाकून टाकतो.

शाइम्पफ्लुग कॅमेरा डोळ्यासमोर गोल फिरत सुमारे दोन सेकंदांत 25 किंवा 50 छेद टिपतो. त्यांवरून मागच्या पृष्ठभागाचा आणि जाडीचाही नकाशा मिळतो; फुगवटा बरेचदा आधी मागेच दिसतो. ओसीटी हा प्रकाशाने थरांचे छेद दाखवणारा स्कॅन एपिथेलियम वेगळं मोजतो. उंचवट्यावर ते पातळ असेल तर केराटोकोनसचा संशय बळावतो. जाड असेल तर कदाचित कॉन्टॅक्ट लेन्सच्या दाबाने आकार बिघडलेला असतो.

म्हणूनच स्कॅनआधी सॉफ्ट लेन्स एक-दोन आठवडे, सेमी-सॉफ्ट त्याहून जास्त दिवस बंद ठेवतात. अश्रूंचा थर तुटला की निरोगी डोळाही खडबडीत दिसतो, त्यामुळे पापण्या मिटून-उघडून लगेच स्कॅन घ्यावा. दोन वेगळ्या यंत्रांचे आकडे एकमेकांशी ताडून आजार वाढला असं ठरवू नये. आणि नकाशातला लाल रंग बघून घाबरण्याआधी बाजूची मोजपट्टी वाचावी!

आजार वाढतच असेल तर क्रॉसलिंकिंग, म्हणजे कॉर्नियातले तंतू एकमेकांना जोडून तो टणक करायचा उपचार, करतात. नेहमीच्या पद्धतीत एपिथेलियम खरवडून रायबोफ्लेविनचे (ब-2 जीवनसत्त्वाचे) थेंब 30 मिनिटं आणि मग थेंब चालू ठेवून अतिनील प्रकाश 30 मिनिटं. कॉर्नियाच्या सर्वांत आतल्या थरातल्या पेशी जपायच्या तर खरवडल्यानंतर किमान 400 मायक्रॉन जाडी उरायला हवी. स्कॅनवर 440 दिसले म्हणून निर्धास्त राहिलात, तर खरवडल्यावर 390च उरतात. मग पाणी ओढून कॉर्निया फुगवणारे थेंब वापरावे लागतात. महिन्याभराने ओसीटीत साधारण 300 मायक्रॉन खोलीवर एक फिकट रेघ दिसते; उपचार तिथवर पोचल्याची ती खूण मानतात. नंबर मात्र याने जात नाही, चष्मा किंवा लेन्स लागतेच.