गुण्यातून दिसणारा उजेड

आयटीआयमध्ये फिटरला (सरकारी कागदावर ‘जोडारी’) प्रवेश घेतलेल्या मुलाचे पहिले कित्येक दिवस कानशीवर, म्हणजे धातू घासायच्या हत्यारावर, जातात. व्हाइसमध्ये (टेबलावरच्या पकडीत) एमएसचा, म्हणजे साध्या पोलादाचा, तुकडा पकडायचा, कानस मारायची, तुकडा सोडवायचा, कडेला गुण्या (काटकोन आणि सपाटी तपासायची पट्टी) लावायचा आणि उजेडाकडे धरून बघायचं. गुण्याच्या पात्याखालून जिथे उजेडाची रेघ दिसते तिथे खोलगट, जिथे दिसत नाही तिथे उंचवटा. मग पुन्हा व्हाइस, पुन्हा कानस. नुसत्या डोळ्यांना सपाट दिसतंय म्हणून जॉब (घडवलेला तुकडा) कोणी जमा करत नाही. केलाच, तर निदेशक परत पाठवतात.

तोच मुलगा संध्याकाळी ट्रेड थिअरीचं पुस्तक उघडतो, मायक्रोमीटरचं (बारीक मापं घ्यायच्या उपकरणाचं) प्रकरण तीनदा वाचतो, महत्त्वाच्या ओळी पिवळ्या करतो आणि ‘झालं’ म्हणून पुस्तक मिटतो. इथे गुण्या लावायला त्याला कोणी शिकवलेलं नसतं.

‘थिअरी डोक्यात शिरत नाही, काम दाखवा, लगेच करतो,’ असं ही मुलं म्हणतात तेव्हा ती बहाणा करत असतात असं मला वाटत नाही. हाताची स्मृती आणि शब्दांची स्मृती मेंदूत खरोखरच वेगवेगळ्या वाटांनी जाते. अमेरिकेतल्या हेन्री मोलेसन या तरुणावर 1953 मध्ये फिट्स थांबवण्यासाठी मेंदूची शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर नवी कोणतीही घटना त्याच्या लक्षात राहीना. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला दिली. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशीही त्याला वाटलं, हे काम आपण पहिल्यांदाच करतोय. हात मात्र दिवसागणिक सफाईने चालू लागला. मराठीत ‘हात बसणे’ आणि ‘पाठ होणे’ असे दोन वेगळे शब्दप्रयोग उगाच नाहीत. रोज अचूक माप घेणारा मुलगा ‘लीस्ट काउंट (उपकरणावर वाचता येणारं सगळ्यात लहान माप) म्हणजे काय’ या प्रश्नावर अडखळतो, त्यात त्याच्या हुशारीचा दोष नसतो. एका कोठारातला माल दुसऱ्यात आपोआप जात नाही, एवढंच.

मग शब्दांचं कोठार भरायचं कसं? वाचून भरतं, पण माल टिकतो तो बाहेर काढून बघितल्याने. रोडिगर आणि कार्पिक या दोन अमेरिकी संशोधकांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तो पुन्हा एकदा वाचला, काहींनी तो बाजूला ठेवून आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा पारडं फिरलं: पुन्हा वाचणाऱ्यांना सुमारे 42 टक्के मजकूर आठवला, लिहून काढणाऱ्यांना 56 टक्के. परीक्षा बहुधा वाचल्यावर पाच मिनिटांनी नसते.

मायक्रोमीटरचंच बघा. स्लीव्हवर, म्हणजे मिलिमीटरच्या खुणा असलेल्या स्थिर नळीवर, 7 ची रेघ उघडी आहे, तिच्यापुढची अर्ध्या मिलिमीटरची रेघही उघडी आहे, थिंबलवर, म्हणजे फिरत्या नळीवर, 36 (तिची एक खूण 0.01 मिमीची). वाचन 7.86 मिमी. ती अर्धी रेघ नजरेतून सुटली की 7.36. थिअरीची परीक्षा आता संगणकावर, बहुपर्यायी असते आणि प्रश्न काढणारा हुशार असेल तर दोन्ही आकडे पर्यायांत बसलेले असतात. तीनदा वाचलेल्याला दोन्ही ओळखीचे वाटतात. ओळखणं वेगळं आणि आठवणं वेगळं, ते असं. पुस्तक मिटून, कोऱ्या कागदावर स्लीव्ह-थिंबलची आकृती काढून स्वतःच वाचन घालावं आणि सोडवावं. जिथे पेन थांबतं, तिथून उजेड येतोय असं समजावं.

दुसरी गोष्ट वेळेची. 1970 च्या दशकात ब्रिटिश पोस्ट खात्याला आपल्या पोस्टमनना टायपिंग शिकवायचं होतं. ॲलन बॅडली आणि लाँगमन या संशोधकांनी त्यांचे चार गट केले: दिवसातून एकदा किंवा दोनदा, प्रत्येक वेळी एक तास किंवा दोन तास. दिवसाला एकच तास बसणाऱ्यांना कळफलक सगळ्यात कमी तासांत आला. चार तास घासणाऱ्यांना सगळ्यात जास्त तास लागले. (दिवस अर्थातच एक तासवाल्यांना जास्त लागले. उद्या परीक्षा असणाऱ्याने यात दिलासा शोधू नये.) गंमत पुढे आहे. आपल्या शिकवणीवर सगळ्यात नाराज होता तो हाच एक तासवाला गट. शिकताना कसं वाटतं यावर विसंबून अभ्यासाची पद्धत निवडू नये, हे मला या पोस्टमननी पटवलं.

सरावातल्या मिसळीचंही तसंच आहे. शे आणि मॉर्गन या संशोधकांनी 1979 मध्ये लोकांना हाताच्या तीन वेगवेगळ्या हालचाली शिकवल्या. एका गटाने आधी पहिलीचा सगळा सराव केला, मग दुसरीचा, मग तिसरीचा. दुसऱ्या गटाने तिन्ही उलटसुलट केल्या. सराव चालू असताना पहिला गट झपाझप पुढे, दहा दिवसांनी मात्र मिसळून करणारे सरस. वर्कशॉपमध्ये याचा अर्थ असा की व्हर्नियरची (सरकत्या मोजपट्टीची) दहा वाचनं आणि मग मायक्रोमीटरची दहा, असं न करता मधूनच व्हर्नियर, मधूनच मायक्रोमीटर घ्यावा. इथे 0.02 ने गुणायचं की 0.01 ने, हे दर वेळी ठरवावं लागतं, आणि कामावरही तेच ठरवावं लागणार असतं. मात्र उपकरण अजून हातात नीट धरता येत नसेल, तर आधी एकाचाच सराव बरा. आणि चालू लेथवर किंवा मेन स्विचपाशी ‘बघू आठवतंय का’ अजिबात चालत नाही. तिथे सुरक्षेची यादी समोर लावूनच काम करायचं.

सूत्रांच्या बाबतीत एक प्रश्न पुरतो: ‘असं का?’ 30 मीटर प्रतिमिनिट कटिंग स्पीडला (कडेवरचा बिंदू मिनिटाला धावतो ते अंतर) 10 मिमीचा ड्रिल मिनिटाला साधारण 955 फेऱ्यांनी फिरवायचा आणि 20 मिमीचा त्याच्या निम्म्या. का? व्यास दुप्पट म्हणजे परीघ दुप्पट. कडेवरचा बिंदू एका फेरीत दुप्पट धावतो, म्हणून फेऱ्या निम्म्या. हे स्वतःच्या शब्दांत, मालवणीत किंवा वऱ्हाडीतसुद्धा, शेजारच्याला सांगता आलं तर सूत्र विसरलं तरी पुन्हा मांडता येतं.

आता इलेक्ट्रिशियन ट्रेडच्या एखाद्या मुलीने जिन्याच्या दिव्याचं (खालून आणि वरून, दोन्हीकडून लावता-मालवता येणाऱ्या) वायरिंग पुस्तक न बघता काढायला घ्यावं. पहिल्या खेपेला न्यूट्रल स्विचमध्ये शिरतो, हे ठरलेलं. पुस्तक उघडून बघावं: फेज पहिल्या टू-वे स्विचच्या कॉमनला (सामायिक टर्मिनलला), दोन्ही स्विचमध्ये दोन वायर, दुसऱ्याच्या कॉमनवरून दिव्याला, न्यूट्रल थेट दिव्याला. दोन दिवसांनी पुन्हा कोरा कागद. मग चार दिवसांनी. ते न अडखळता जमायला लागलं की तिला विचारावं, मधल्या मजल्यावरूनही हाच दिवा लावता-मालवता यायला हवा असेल तर? मध्ये इंटरमीडिएट स्विच घालावा लागतो, चार टर्मिनलचा. त्या दोन वायरी त्यात कशा शिरतात आणि कशा बाहेर पडतात, ते आधी तिलाच काढू द्यावं.