बियांना ऊब खालून हवी

टोमॅटोचं बी १० अंश सेल्सिअसच्या ओल्या मातीत टाकलं, तर कोंब वर यायला ४३ दिवस लागतात. १५ अंशांना १४ दिवस, २० अंशांना ८ आणि २५ अंशांना फक्त ६. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या हॅरिंग्टन आणि मिंजेस या दोघांनी १९५४ साली भाजीपाल्याच्या बियांचा हा तक्ता मांडला आणि बागकामाच्या पुस्तकांत तो आजही छापला जातो. ऐन थंडीत मिरची टाकून, पंधरा दिवस वाट बघून बियाणं बोगस निघालं म्हणत कुंडी उपसणाऱ्या प्रत्येकाने तो एकदा पाहायला हवा. मिरचीला १५ अंशांना २५ दिवस लागतात, २५ अंशांना ८. कितीतरी चांगलं बी आपण त्या मधल्या दिवसांत फेकून देतो.

हे आकडे जरा उलगडून बघण्यासारखे आहेत. टोमॅटोच्या प्रत्येक तापमानातून साडेसात वजा करा आणि जे उरेल त्याला दिवसांनी गुणा. १० अंशांना उरतात अडीच; गुणिले ४३ म्हणजे सुमारे १०७. १५ अंशांना साडेसात गुणिले १४, म्हणजे १०५. २० अंशांना साडेबारा गुणिले ८, बरोबर १००. २५ अंशांना साडेसतरा गुणिले ६, पुन्हा १०५. दिवस ४३ असोत की ६, गुणाकार शंभराच्या आसपासच येतो. म्हणजे साडेसात अंशांच्या खाली टोमॅटोचं बी जवळपास थांबलेलं असतं, आणि त्यावरचा प्रत्येक अंश दररोज त्याच्या खात्यात जमा होत जातो. ही बेरीज शंभराच्या आसपास पोचली की कोंब वर येतो. मला हा हिशेब विलक्षण सुंदर वाटतो. ज्याला आपण निर्जीव दाणा समजतो, तो उष्णतेची इतकी चोख मोजदाद ठेवतो.

मात्र ही चढण एका जागी संपते. ३० अंशांनाही ६ दिवसच लागतात, ३५ ला उलट ९ लागतात आणि ४० अंशांना टोमॅटो उगवतच नाही. प्रत्येक बियाला एक किमान, एक सर्वांत मानवणारं आणि एक कमाल तापमान असतं, ही मांडणी जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ युलियस फॉन झाक्स यांनी १८६० मध्येच केली होती.

बियाच्या आत नेमकं काय अडतं? पाणी शोषून फुगणं ही मुख्यतः भौतिक क्रिया आहे. गार पाण्यातही बी फुगतं. म्हणूनच आपली फसगत होते. फुगलेलं बी बघून आपल्याला वाटतं, आता उगवणारच. खरं काम त्यानंतर सुरू होतं आणि ते विकरांचं, म्हणजे एन्झाइम्सचं असतं. टोमॅटोच्या बियात मुळाच्या टोकापुढे साठवणीच्या पेशींचं एक घट्ट टोपण असतं. त्या पेशींच्या भिंती विरघळवणारी विकरं तयार झाली, टोपण पुरेसं मऊ पडलं, की मग मूळ रेटा देऊन बाहेर येतं. हे सगळं तापमानावर चालतं. मटकी थंडीत भिजते वेळेवर, पण मोड यायला दुप्पट वेळ घेते आणि म्हणून फडक्यात बांधून ती गॅसच्या शेगडीशेजारी ठेवावी लागते, त्यामागचं कारण हेच. मातीतल्या बियाला आणखी एक धोका असतो. गार चिखलात ते जितके दिवस फुगून पडून राहतं, तितके दिवस त्यातून झिरपणाऱ्या शर्करेवर पिथियमसारख्या बुरशी पोसल्या जातात.

आता खालूनच ऊब का द्यायची? कारण बियाला खोलीचं तापमान कळत नाही. ते ज्या मातीत आहे तिचं कळतं. आणि ओली माती बहुतेक वेळा हवेपेक्षा गार असते. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं. हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत उघड्या ट्रेमधलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) खोलीपेक्षा तीन-चार अंशांनी सहज खाली राहतं, त्यात ट्रे गार फरशीवर असेल तर आणखीच. स्वयंपाकघरातला सळईचा थर्मामीटर बी जितकं खोल आहे तिथपर्यंत मातीत खुपसून पहाटे एकदा वाचा, म्हणजे उगवण कुठे अडली ते लक्षात येईल.

मातीला खालून ऊब देण्याची युक्ती जुनी आहे. कोरियात १४५० च्या सुमारास एका राजवैद्याने लिहिलेल्या ग्रंथात हिवाळी भाज्यांच्या घराचं वर्णन सापडतं: जमिनीखालून चुलीची ऊब फिरवणारी ओंदोल पद्धतीची तापती फरशी, तिच्यावर मातीचा थर आणि खिडक्यांना तेल लावलेला कागद. युरोपात हेच काम घोड्याच्या लिदीने केलं. ताजी लीद आणि पेंढा रचला की सूक्ष्मजीव कामाला लागतात आणि ढीग आत ६० अंशांच्या वर तापतो. तो भर ओसरू द्यायचा आणि मग वर मातीचा थर देऊन पेरायचं. एकोणिसाव्या शतकातले पॅरिसचे भाजीवाले याच वाफ्यांवर भर थंडीत पीक काढत. घोडे मोटारींपुढे हटले आणि लीदही गेली.

आपल्याकडे ही गरज नाशिक-पुण्याच्या पट्ट्यात दिसते. निफाडला पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो त्याच दिवसांत उन्हाळी कलिंगडाची रोपं तयार करायची असतात, आणि कलिंगडाला २० अंशांना १२ दिवस लागतात, ३० ला ४. १५ अंशांना ते उगवतच नाही. रोपवाटिकांनी यावर बिनखर्चाचा उपाय काढला आहे. पेरलेले, भिजवलेले प्रो-ट्रे (रोपांसाठी खळगे असलेले प्लॅस्टिकचे ट्रे) एकावर एक रचायचे आणि सगळी थप्पी काळ्या पॉलिथिनने गुंडाळून ठेवायची. वीज नाही, लीद नाही. तरीही आत ऊब टिकते, कारण बाष्पीभवन थांबतं, रात्री उघड्या आभाळाकडे उष्णता जात नाही आणि ओलं कोकोपीट दिवसाची ऊब धरून ठेवतं. थप्पीतल्या मधल्या ट्रेला वरचा आणि खालचा ट्रे पांघरुणासारखे असतात.

न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये मार्चमध्ये खिडकीत भेंडी लावणाऱ्या मराठी घरांना मात्र ट्रेखाली ठेवायची, विजेवर तापणारी चटई लागतेच. भेंडीला १५ अंशांना २७ दिवस लागतात, ३० ला ७. एका ट्रेची चटई साधारण २० वॅटची असते. दिवसभर चालली तरी अर्धा युनिट. अख्खी खोली तापवणारा हजार वॅटचा हीटर तेवढ्याच वेळात २४ युनिटं खाईल आणि माती तरी गारच राहील. पण ट्रेवर झाकण हवंच. एक ग्रॅम पाणी उडायला सुमारे २,४५० जूल लागतात आणि २० वॅटची चटई तासाला ७२,००० जूल देते. म्हणजे उघड्या ट्रेमधून तासाला ३० ग्रॅम पाणी उडालं, तर चटईची सगळी कमाई त्यातच गेली.

साधी चटई माती भोवतालापेक्षा पाच ते दहा अंशांनी वर नेते, आणि अडचण तिथेच आहे. खोली २८ अंशांवर असेल तर तीच चटई बी शिजवायच्या वाटेला लागते. तापमान नियंत्रक घ्या आणि त्याची तापमान मोजणारी तार चटईवर न ठेवता मातीत, बी जितकं खोल आहे तिथे ठेवा. टोमॅटो, मिरची, वांगं, भेंडी, कलिंगड यांच्यासाठी २५ ते ३० अंश ठीक. सगळंच बियाणं चटईवर मांडू नका. लेट्यूस २० अंशांना ३ दिवसांत येतं आणि ३५ ला अजिबात येत नाही. पालकाचंही तसंच. कांदा २५ ला ४ दिवस घेतो, ३५ ला १३. या भाज्यांना आपली खोलीच पुरते.

कोंब दिसू लागले की ऊब काढायची, आणि इथे उशीर महागात पडतो. उबेत आणि अंधारात देठ भराभर लांबतो. पांढरी, लेचीपेची रोपं होतात आणि त्यातलीच पुढे बुंध्याशी कोलमडतात. कलिंगडाची थप्पी रचणारे म्हणून तिसऱ्या दिवसापासून रोज सकाळी मधला एक ट्रे ओढून बघतात. कोकोपीटला तडे गेलेले दिसले, कुठे वाकलेला पांढरा देठ वर आला, की त्याच दिवशी थप्पी मोडून ट्रे शेडनेटखाली उजेडात पसरतात. घरी चटई वापरत असाल तर निम्मी रोपं वर आल्यावर झाकण काढा, ट्रे खाली उतरवा आणि सर्वांत उजेडाच्या खिडकीत ठेवा. मागे राहिलेल्या बियांसाठी थांबू नका. टोमॅटोच्या रोपाला यापुढे १८ ते २० अंश पुरतात.