ग्लायडर, ढग अन् भोवरा

राजेहो, मे महिन्यात दुपारी धुऱ्यावर उभं राहून वर पाहा, पंख न हलवता घार गोल गोल फिरत वर चढून राहिलेली दिसेल, तापलेल्या वावरातून उठणारी गरम हवा तिला उचलते. बिनइंजिनाचं विमान, म्हणजे ग्लायडर, पण हेच करतं. ढगापाशी पोचलं की पायलटला आत शिरायचा मोह होतो, कारण आत वाफेचं पाणी होताना उष्णता सुटते, 1 किलो वाफेमागे जवळपास 25 लाख ज्यूल, म्हणून हवा अजून जोरात वर जाते.

पण आत सगळं पांढरं. वर कुठं, खाली कुठं? शरीराला कळतंच ना, म्हणाल. नाही कळत. मी भाच्याला डोळे बांधून गोल फिरणाऱ्या खुर्चीवर बसवलं, एकाच स्पीडनं हळूहळू फिरवत राहिलो, थोड्या वेळात पठ्ठ्या म्हणे "मामा, थांबवलं काऊन?" अन् खरंच थांबवली तर म्हणे उलटा फिरून राहिलो. कानाच्या आतल्या अर्धगोल नळ्यांतलं पाणी फिरण्याचा वेग बदलला तरच बोलतं, सारखं फिरणं त्याच्या हिशेबात थांबणंच. 1954 मध्ये इलिनॉय विद्यापीठानं फक्त यंत्रं पाहून उडायचं न शिकलेल्या 20 जणांना बाहेरचं दिसणार नाही असं करून विमान चालवायला दिलं, सरासरी 178 सेकंदांत ताबा गेला. तीन मिनिटं पण नाही!

म्हणून भोवरा लागतो, म्हणजे गायरोस्कोप. जोरात फिरणारा भोवरा आपली दिशा सोडत नाही, विमान सरळ का तिरकं हे दाखवणारं कृत्रिम क्षितिज अन् वळण दाखवणारा काटा त्याच्यावरच चालतात, ग्लायडरला इंजिन नाही म्हणून बॅटरीवर. त्यात एक गंमत आहे. साध्या विमानाचा काटा सेकंदाला 3 अंशांच्या वळणासाठी बनवलेला, म्हणजे पूर्ण चक्कर 2 मिनिटांत, अन् ग्लायडर गरम हवेत 20-25 सेकंदांत चक्कर मारतं, मग तो काटा कडेला जाऊन चिकटतो, म्हणून ग्लायडरचा वेगळा. काचेवर चिकटवलेला लोकरीचा धागा एरवी लय कामाचा, पण तो फक्त विमान बाजूला घसरून राहिलं का हे सांगतो, वळतोय का हे नाही.

ढगात शिरायचे नियम देशागणिक वेगळे. युरोपात लायसन्सवर वेगळी परवानगी लागते, त्यासाठी गुरूसोबत किमान 2 तास फक्त यंत्रं पाहून उडायचं. ब्रिटनमध्ये ग्लायडरमधल्या प्रत्येकाला पॅराशूट हवं, अन् शिरण्याआधी रेडिओवर सांगायचं, कारण त्याच ढगात दुसरा कोणी असू शकतो. जागतिक स्पर्धांत तर मनाईच.

गडगडाटी ढग मात्र वेगळीच चीज आहे. एका अवकाळीत आमचा हरभरा झोपला तेव्हा लिंबाएवढी गार विळ्यानं चिरून पाहिली, आत कांद्यासारखे पापुद्रे. एवढी गार वर तोलून धरायला ताशी 90 किलोमीटरच्या आसपासचा वर जाणारा वारा लागतो. 2007 मध्ये ऑस्ट्रेलियात एवा विश्निएर्स्का ही पॅराग्लायडिंग करणारी बाई अशाच ढगात ओढली गेली, जवळपास 9,900 मीटरवर, बर्फानं माखून बेशुद्ध झाली, अन् तरी जिवंत खाली उतरली बापा.