कापडी पिशव्यांचा ढीग आणि 131 चा हिशोब

कुठल्याही घरात दारामागच्या खुंटीला बघा, कापडी पिशव्या लटकलेल्या असतात. लग्नातली, वास्तुशांतीची, साडीच्या दुकानातली, कुठल्यातरी सेमिनारची. तरी पुढच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून परत पिशवीच मिळते, का तर म्हणे इकोफ्रेंडली.

आता यातली गंमत बघा. ब्रिटनच्या पर्यावरण खात्याने 2011 मध्ये पिशव्यांचा जन्मापासून कचऱ्यापर्यंतचा हिशोब मांडला. एकदाच वापरून फेकायच्या पातळ प्लॅस्टिक पिशवीशी कार्बनच्या बाबतीत नुसती बरोबरी करायची तरी सुती पिशवी 131 वेळा वापरायला लागते! म्हणजे आठवड्यातून दोनदा भाजीला नेली तर सव्वा वर्ष. आणि तीच प्लॅस्टिकची पिशवी घरी कचऱ्याच्या डब्याला लावली, जे आपल्याकडे सगळेच करायचे, तर सुतीसाठी आकडा अजून वर जातो. कारण साधं आहे, ती पातळ पिशवी जेमतेम 8 ग्रॅमची आणि सुती चांगली दीडदोनशे ग्रॅमची, त्यात कापसाला पाणी, खत, फवारणी, मग सूतगिरणी, विणकाम, रंग, सगळीकडे वीज आणि पाणी. डेन्मार्कने 2018 मध्ये असाच अभ्यास केला, त्यात ओझोनपासून पाण्यापर्यंत सगळं धरून सुतीचा आकडा 7100 वर गेला. पण तिथेच फक्त हवामानबदल बघितला तर 52. त्यामुळे असा एखादा आकडा व्हॉट्सॅपवर आला की आधी विचारायचं, नक्की काय मोजलंय?

बरं, मग प्लॅस्टिकच बरं का? अजिबात नाही. या दोन्ही हिशोबांत उघड्यावर पडलेल्या पिशवीचं नुकसान धरलेलंच नाही. गटारात अडकलेली, गाईच्या पोटात गेलेली पिशवी या गणितात येतच नाही, आणि आपल्याकडे खरा त्रास तोच. 26 जुलै 2005 च्या मुंबईतल्या पुरानंतर तुंबलेल्या नाल्यांवरून पिशव्यांवर केवढं रान उठलं होतं, आणि 2018 मध्ये महाराष्ट्रात बंदीच आली.

त्या बंदीनंतरही दुकानादुकानात कापडासारख्या दिसणाऱ्या रंगीत पिशव्या दिसत राहिल्या, त्या नॉन-वोव्हन, म्हणजे न विणलेल्या. हात लावला की कापड वाटतं पण ते असतं पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे शुद्ध प्लॅस्टिक! खरंतर 2018 च्या बंदीत त्यांचंही नाव होतं. काडी लावून बघितलीत तर वितळून थेंब पडतात, सुती कापड मात्र जळून राख होतं. (घरात नका करू हे.)

माझ्या मते सगळ्यात भारी पिशवी म्हणजे जुन्या साडीची नाहीतर चादरीची, कारण त्या कापसाचा खर्च आधीच वसूल झालेला असतो, नवीन लागतो तो फक्त दोरा आणि शिलाई. पिशवीचे बंद मात्र दुहेरी शिवून घ्या, ती नेहमी तिथेच उसवते. आणि धुवायची तर रोजच्या कपड्यांबरोबरच टाका, तिच्यासाठी वेगळं मशीन लावू नका.