माणसं आधी, सीमा नंतर: ब्राझीलमधल्या उरुग्वेकरांची पार्श्वभूमी

ब्राझील-उरुग्वे सीमेवरच्या शुई गावातून जाणाऱ्या हमरस्त्याच्या ब्राझीलकडच्या बाजूला उरुग्वेचं नाव आहे, उरुग्वेकडच्या बाजूला ब्राझीलचं. मध्ये कुंपण नाही. सान्ताना दो लिव्रामेंतो आणि रिवेरा या जोडशहरांतही सीमा भर चौकातून जाते. ब्राझीलमधल्या उरुग्वेवंशीयांची गोष्ट मला या रस्त्यांवरूनच सांगावीशी वाटते, कारण यातल्या अनेक घराण्यांनी स्थलांतर असं केलंच नव्हतं.

हा गुराख्यांचा, गवताळ मुलूख. स्पेन आणि पोर्तुगाल त्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या भांडले. १८२१ मध्ये पोर्तुगालने आजचा उरुग्वे 'सिस्प्लातिना' या नावाने आपल्या राज्याला जोडला, मग तो ब्राझीलकडे गेला आणि युद्धानंतर १८२८ च्या कराराने स्वतंत्र झाला. सोयरीक, गुरं आणि जमिनी मात्र दोन्हीकडे पसरलेल्याच राहिल्या.

ब्राझीलशी झालेले १८५१ चे तह उरुग्वेसाठी फार कडू होते. यादवीने खंगलेल्या उरुग्वेने सीमेवरच्या मिरिम सरोवर आणि जाग्वारांव नदीवरचा हक्क गमावला, शिवाय पळून आलेले गुलाम परत करायचं कबूल केलं. उरुग्वेने गुलामगिरी १८४० च्या दशकातच संपवली होती, ब्राझीलमध्ये ती १८८८ पर्यंत चालली. म्हणजे सीमेपलीकडे पाऊल पडलं की माणूस मोकळा! म्हणूनच ही अट इतकी क्रूर ठरते. उलट दिशेने, उरुग्वेतल्या स्वतंत्र कृष्णवर्णीयांना, लहान मुलांनासुद्धा, पळवून ब्राझीलच्या सीमेलगतच्या रियो ग्रांदे दो सुल प्रांतात विकलं गेलं. ब्राझीलमधल्या उरुग्वेवंशीयांच्या इतिहासात त्यांचीही गणना व्हायलाच हवी. सरोवर आणि नदीवरचा सामायिक हक्क १९०९ च्या तहाने उरुग्वेला परत मिळाला.

१९७३ मध्ये उरुग्वेत लष्करशाही आली आणि अनेकांनी देश सोडला. ब्राझीलमध्येही सत्ता लष्कराचीच होती, त्यामुळे तिथला आसरा कच्चा होता. नोव्हेंबर १९७८ मध्ये उरुग्वेची राजकीय कार्यकर्ती लिलियान सेलिबेर्ती, तिची दोन लहान मुलं आणि तिचा सहकारी युनिवेर्सिंदो रोद्रिगेस यांना ब्राझीलमधल्या पोर्तो आलेग्रे शहरात दोन्ही देशांच्या यंत्रणांनी मिळून पळवलं. दोन ब्राझिलियन पत्रकार त्या घरापर्यंत पोहोचले आणि प्रकरण उजेडात आलं.

उरुग्वेचे फुटबॉलपटूही ब्राझीलमध्ये येत राहिले. पेद्रो रोचा साओ पावलो क्लबकडून खेळला. उगो दे लेओनच्या नेतृत्वाखाली पोर्तो आलेग्रेच्या ग्रेमिओ क्लबने १९८३ मध्ये लिबेर्तादोरेस हा दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांचा चषक जिंकला.

२००२ मध्ये दोन्ही सरकारांनी सीमावासीयांना पलीकडे राहण्याची, शिकण्याची आणि काम करण्याची मुभा देणारा करार केला. लोकांनी ती मुभा केव्हाच घेतली होती. दोन्हीकडची कागदपत्रं असलेल्या माणसाला तिथे 'दोब्ले चापा' म्हणतात, दोन नंबरप्लेटांचा. पोर्तुगीज आणि स्पॅनिश एकत्र मुरलेली 'पोर्तुन्योल' ही त्याची घरची बोली.