एफए चषक, १८७१–७२

इंग्लंडमधील फुटबॉल असोसिएशनच्या चषक स्पर्धेचा पहिला हंगाम. लंडनच्या वाँडरर्स क्लबाने १६ मार्च १८७२ रोजी केनिंग्टन ओव्हल मैदानावर रॉयल एंजिनिअर्स या लष्करी संघाचा १–० असा पराभव करून तो जिंकला. देशभरच्या क्लबांसाठी घेतलेली ही पहिली बाद स्पर्धा. मात्र 'हरला तो गेला' हे तत्त्व या हंगामात अर्धेमुर्धेच पाळले गेले. विजेता सोडून उरलेल्या चौदा संघांपैकी चार संघ मैदानावर न हरताच बाहेर पडले, तर तीन जोड्यांमधले दोन्ही संघ पुढच्या फेरीत गेले.

स्पर्धेची कल्पना असोसिएशनचे सचिव चार्ल्स अल्कॉक यांची. ते हॅरो शाळेत शिकलेले. तिथे वसतिगृहांच्या संघांमध्ये बाद पद्धतीने सामने होत आणि शेवटी उरलेला संघ शाळेत अव्वल ठरे. तीच पद्धत क्लबांना लावावी, असा प्रस्ताव त्यांनी २० जुलै १८७१ रोजी लंडनमधील 'स्पोर्ट्समन' वृत्तपत्राच्या कचेरीत भरलेल्या बैठकीत मांडला. शेफील्डमध्ये १८६७ मध्येच युडन चषकासाठी स्थानिक क्लब खेळले होते, पण ती एका शहरापुरती गोष्ट होती. चांदीचा चषक घडवायला २० पौंड लागले आणि ते क्लबांच्या वर्गणीतून उभे राहिले. स्कॉटलंडमधील ग्लासगोच्या क्वीन्स पार्क क्लबाने एक गिनी, म्हणजे एक पौंड एक शिलिंग, पाठवली. त्या क्लबाचे वर्षाचे उत्पन्नच सहा पौंडांच्या आसपास होते.

असोसिएशनचे सदस्य क्लब पन्नासच्या घरात असताना नावे आली पंधरा, आणि त्यांतलेही बहुतेक लंडन व आसपासचे. प्रवासाचा खर्च, कामाचे दिवस आणि प्रत्येकाचे वेगळे नियम या तिन्ही अडचणी होत्या. खेळही आजच्यासारखा नव्हता. गोलखांबांवर आडवा दांडा नसून फीत ताणलेली असे, पेनल्टी हा प्रकार नव्हता आणि गोल झाला की संघ बाजू बदलत. दोन्ही संघांचे पंच मैदानात असत. त्यांचे एकमत झाले नाही तरच मैदानाबाहेरच्या रेफरीकडे दाद मागायची.

पहिल्या फेरीचे सामने ११ नोव्हेंबर १८७१ रोजी झाले. क्लॅपहॅम रोव्हर्सने अप्टन पार्कला ३–० असे हरवले. त्या सामन्यात जार्व्हिस केनरिक यांनी केलेला गोल स्पर्धेच्या इतिहासातला पहिला मानतात. बार्न्सने सिव्हिल सर्व्हिसला आणि मेडनहेडने मार्लोला प्रत्येकी २–० ने नमवले. क्रिस्टल पॅलेस आणि हिचिन यांचा सामना गोलशून्य बरोबरीत सुटला. बरोबरी झाल्यास सामना पुन्हा खेळवायचा की दोघांनाही पुढे पाठवायचे, हे नियमाने समितीवर सोपवले होते. समितीने दोघांनाही पाठवले. हॅरो चेकर्स आणि रायगेट प्रायरी यांनी माघार घेतल्याने वाँडरर्स व एंजिनिअर्स यांना पुढे चाल मिळाली.

गंमत क्वीन्स पार्कची. सोडतीत त्यांची गाठ पडली लिंकनशायरमधील डॉनिंग्टन शाळेच्या संघाशी. ग्लासगो कुठे, लिंकनशायर कुठे! सामन्याची जुळवाजुळव होईना, म्हणून दोघांनाही दुसऱ्या फेरीत ढकलले गेले. तिथेही पुन्हा हीच जोडी निघाली आणि शाळेने माघार घेतली. पुढच्या फेरीत क्वीन्स पार्कला प्रतिस्पर्धीच उरला नाही. अशा रीतीने एकदाही चेंडूला पाय न लावता हा संघ उपांत्य फेरीत पोहोचला.

वाँडरर्सची वाट याहून फार खडतर नव्हती. दुसऱ्या फेरीत त्यांनी क्लॅपहॅम रोव्हर्सवर १–० अशी मात केली. मग क्रिस्टल पॅलेसशी गोलशून्य बरोबरी झाली आणि समितीने पुन्हा दोघांनाही पुढे जाऊ दिले. मार्च १८७२ च्या सुरुवातीला ओव्हलवर क्वीन्स पार्कशी उपांत्य सामना झाला, तोही ०–०. स्कॉटिश खेळाडू लोकवर्गणीच्या पैशांतून लंडनला आले होते. फेरसामन्यासाठी तिथे थांबणे किंवा पुन्हा येणे खिशाला परवडणारे नव्हते, म्हणून ते स्पर्धेतून बाहेर पडले, तेही एकही गोल न खाता. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला ग्लासगोत इंग्लंडविरुद्धच्या पहिल्या अधिकृत आंतरराष्ट्रीय सामन्यात स्कॉटलंडच्या संघातले अकराही जण याच क्लबाचे होते. या हंगामात खरा अन्याय झाला असेल तर तो त्यांच्यावर, आणि तो पंचांनी नव्हे, रेल्वेच्या भाड्याने केला.

एंजिनिअर्स मात्र खेळून वर आले. चॅटहॅमच्या या लष्करी अधिकाऱ्यांनी हिचिनवर पाच आणि हॅम्पस्टेड हीदन्सवर तीन गोल चढवले. उपांत्य फेरीत क्रिस्टल पॅलेसशी बरोबरी झाल्यावर त्यांनी फेरसामना ३–० ने जिंकला. एकट्याने चेंडू पळवत नेण्याच्या त्या काळात ते एकमेकांना चेंडू देत खेळत, आणि अंतिम सामन्यात पारडे त्यांचेच जड मानले जात होते. या संघाचे धागे भारतात पोहोचतात. हेन्री रेनी-टेलयूर यांचा जन्म मसुरीचा, तर आल्फ्रेड गुडविन १८७४ मध्ये रुरकीत घोड्यावरून पडून झालेल्या दुखापतीने वारले. बाद सामन्यांची ही पद्धत पुढे पलटणींबरोबरच इथे रुजली. सिमल्यात १८८८ साली ड्युरँड चषक आणि मुंबईत १८९१ साली रोव्हर्स चषक सुरू झाला.

अंतिम सामन्याला सुमारे २,००० प्रेक्षक होते; प्रवेशाला एक शिलिंग पडे. नाणेफेक वाँडरर्सचे कर्णधार, म्हणजे खुद्द अल्कॉक यांनी जिंकली आणि वारा व ऊन पाठीशी राहील अशी बाजू निवडली. स्पर्धा सुचवणारा, ती चालवणाऱ्या संस्थेचा सचिव आणि विजेत्या संघाचा कर्णधार एकच. आज अशावर गहजब झाला असता. दहाएक मिनिटांतच एंजिनिअर्सच्या एडमंड क्रेसवेल यांचे कॉलरबोन मोडले. बदली खेळाडूची सोय नव्हती, त्यामुळे ते तशाच अवस्थेत शेवटपर्यंत मैदानात राहिले. पंधराव्या मिनिटाच्या सुमारास रॉबर्ट व्हिडाल यांनी चेंडू पुढे नेला आणि मॉर्टन पेटो बेट्स यांनी गोल केला. नंतर अल्कॉक यांनीही चेंडू जाळ्याविनाच्या त्या खांबांतून पार केला, पण आधी चेंडूला हात लागल्यामुळे तो गोल नाकारण्यात आला.

बेट्स हे 'ए. एच. चेकर' या टोपणनावाने खेळले. याचा अर्थ हॅरो चेकर्सचा एक गडी. पहिल्या फेरीत वाँडरर्ससमोर माघार घेणारा क्लब तो हाच! चार सामने, दोन विजय आणि अवघे दोन गोल एवढ्या भांडवलावर वाँडरर्सनी चषक पटकावला. चषकाचे वितरण ११ एप्रिल रोजी लंडनमधील पॉल मॉल रेस्टॉरंटमध्ये झाले.

पुढच्या हंगामात गतविजेत्यांना थेट अंतिम सामन्यात स्थान आणि मैदान निवडण्याचा हक्क मिळाला. २९ मार्च १८७३ रोजी लंडनच्या लिली ब्रिज मैदानावर ऑक्सफर्ड विद्यापीठाला २–० ने हरवून वाँडरर्सनी चषक राखला. ती सवलत त्यानंतर कुणालाही देण्यात आली नाही. क्वीन्स पार्कला त्याही वर्षी उपांत्य फेरीपर्यंत थेट प्रवेश मिळाला होता, आणि त्याही वर्षी त्यांनी माघार घेतली.