दुपारी दोननंतर गळ बंद: ट्राउट, नदीचं तापमान आणि 'पकडा आणि सोडा'चा इतिहास

अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात जुलै-ऑगस्टच्या उन्हाळ्यात काही नद्यांवर फलक लागतात: दुपारी दोनपासून मध्यरात्रीपर्यंत मासेमारी बंद. परवाना असला, पकडलेला मासा सोडून द्यायचा ठरवून आलेला असलात, तरी बंद. नदीचं पाणी सलग तीन दिवस ७३ अंश फॅरनहाइटला, म्हणजे जवळपास २३ सेल्सियसला पोचलं, की हे निर्बंध लागू होऊ शकतात. सकाळी मात्र गळ टाकता येतो, कारण रात्रभरात पाणी निवलेलं असतं.

कारण साधं आहे. दहा अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ११ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो, २३ अंशांना तो साडेआठच्या आसपास येतो. ट्राउट हा थंड पाण्याचा मासा. गळाला लागून पाच मिनिटं झुंजला, की त्याला दम घ्यायला जास्त प्राणवायू लागतो आणि नेमका तोच पाण्यात कमी असतो. वरवर पाहता मासा सुळकन पोहत जातो, सोडणारा खूश होतो आणि मासा तासाभराने खाली कुठेतरी उलटा होतो. म्हणून एकेकाळी 'सोडून द्या' एवढाच असलेला नियम आता 'या वेळी पकडूच नका' इथपर्यंत आला आहे.

मासा सोडून देणं तसं नवं नाही. खाणकामगारांच्या सुरक्षित दिव्यासाठी ओळखला जाणारा हम्फ्री डेव्ही हा रसायनशास्त्रज्ञ गळाचा शौकीन होता. १८२८ मध्ये मासेमारीवर लिहिताना त्याने सांगितलं, की खायचा असेल तर मासा लगेच मारा, नाहीतर पाण्यात परत सोडा. पण ही झाली सभ्य माणसाची रीत. तिचा सरकारी नियम झाला तो अमेरिकेत, आणि त्यामागे भूतदयेपेक्षा जमाखर्च जास्त होता.

मिशिगन राज्यातल्या ऑ सेबल नदीची गोष्ट इथे सांगायलाच हवी. या नदीत ग्रेलिंग नावाचा मासा मुबलक होता. इतका, की काठावरच्या गावाचं नावच ग्रेलिंग पडलं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथली पाइनची जंगलं तुटली, ओंडके नदीतून वाहून नेताना तळाचा खडा-वाळू खरवडून निघाली, सावली गेल्याने पाणी तापलं आणि रेल्वेने आलेल्या शौकिनांनी उरलेले मासे ढिगांनी काढले. १९३०च्या दशकापर्यंत मिशिगनमधला ग्रेलिंग संपला. गाव आहे, मासा नाही.

रिकाम्या नद्या भरायला बाहेरचे मासे आणले गेले. जर्मनीतून ब्राऊन ट्राउटची अंडी १८८३ मध्ये न्यूयॉर्कला उतरली आणि पुढच्याच वर्षी मिशिगनच्या बाल्डविन नदीत पिल्लं सोडली गेली. कॅलिफोर्नियाहून रेनबो ट्राउट पूर्वेकडे आला. मग मत्स्यबीज केंद्रांचा कारखानाच सुरू झाला: हौदात मासे वाढवा, मोसमाच्या तोंडावर टँकरने नदीत ओता, लोकांनी ते आठवडाभरात पकडून न्यावेत, पुन्हा ओता. पैसा पाण्यात जाणं म्हणजे काय, ते मत्स्यखात्याच्या हिशेबनिसाला शब्दशः कळत होतं. हा खर्च कमी करायचा म्हणून मिशिगनने १९५२ मध्ये पकडलेला ट्राउट परत सोडण्याचा नियम आणला. १९५४ मध्ये ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानातल्या दोन ओढ्यांवर तोच प्रयोग 'मौजेसाठी मासेमारी' या नावाने झाला.

विचार आधीच पेरला गेला होता. ली वुल्फ या नामांकित गळबहाद्दराने १९३९ मध्येच लिहून ठेवलं होतं, की असा झुंजार मासा एकदाच पकडून संपवण्याइतका स्वस्त नसतो. १९५९ मध्ये त्याच ऑ सेबलच्या काठी १६ जण एका घरात जमले आणि ट्राउट अनलिमिटेड ही संस्था उभी राहिली. हौदातले मासे ओतत बसण्यापेक्षा नदी राखा, मासे आपोआप राहतील, हे तिचं म्हणणं.

ते खरं ठरलं मोंटानात. मॅडिसन नदीवरच्या अभ्यासात दिसलं, की हौदातले मासे ओतल्याने नदीत आधीपासून वाढलेले मासे कमी होतात, ओतणं थांबवलं की ते वाढतात. हॉटेलवाल्यांचा आणि गळवाल्यांचा ओरडा सोसून राज्याने १९७४ मध्ये वन्य ट्राउट टिकून असलेल्या नद्यांत मासे सोडणंच बंद केलं. मला या साऱ्या इतिहासातला हा सर्वांत धाडसी निर्णय वाटतो, कारण सरकारने काहीतरी करणं थांबवलं.

शेजारच्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात १९७३ मध्ये फिशिंग ब्रिज नावाच्या पुलावरून गळ टाकायला बंदी आली. तोवर त्या पुलाच्या कठड्याला खांद्याला खांदा लावून माणसं उभी असत, आणि खाली अंडी घालायला जमलेला तिथला मूळचा कटथ्रोट ट्राउट. नाव तेवढं राहिलं, आता तिथून मासे नुसते पाहायचे. त्याच वर्षी यलोस्टोन नदीच्या बऱ्याच भागात कटथ्रोट पकडला तर सोडणं सक्तीचं झालं.

पण सोडणं म्हणजे काय, हे कळायला अजून वीस वर्षं गेली. १९९२ मध्ये कॅनडातल्या दोन संशोधकांनी रेनबो ट्राउट दमवले आणि काहींना पाण्याबाहेर धरलं. नुसते दमलेले मासे बारा तासांनी १०० पैकी ८८ जगले. ३० सेकंद हवेत धरलेल्यांपैकी ६२. एक मिनिट धरलेल्यांपैकी फक्त २८. हवेत कल्ल्यांचे नाजूक पदर एकमेकांना चिकटतात आणि श्वासच थांबतो. मोबाइलवर फोटो 'नीट आला नाही, परत काढ' म्हणण्यात एक मिनिट सहज जातं.

आजचे बारीकसारीक नियम आणि सल्ले अशाच अभ्यासांतून आलेत. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करायचा, म्हणजे तो एका हिसक्यात निघतो. हात आधी ओले करायचे, कारण कोरड्या तळव्याला माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून येतो आणि तिथे बुरशी धरते. जाळी गाठी नसलेली, रबराची. मासा पाण्यातच ठेवून, तोंड प्रवाहाकडे करून, स्वतःहून निसटेपर्यंत आधार द्यायचा. गांडुळाचं आमिष मासा गिळतो आणि गळ थेट घशात रुततो, म्हणून पकडून सोडायच्या पट्ट्यांत बहुधा किड्यासारखी दिसणारी कृत्रिम माशीच चालते. ती ओठात अडकते.

आणि तरीही प्रत्येक मासा सोडायचा नसतो, हे नवख्याला चक्रावून टाकतं. यलोस्टोन सरोवरात १९९४ मध्ये लेक ट्राउट सापडला. तो तिथला नव्हे, आणि कटथ्रोट फस्त करतो. तो गळाला लागला तर जिवंत परत सोडणं हाच गुन्हा. उद्यानाने जाळी लावून असे ४० लाखांहून जास्त मासे काढले आहेत. स्वित्झर्लंडने तर वेगळंच टोक गाठलं: सोडून द्यायच्या इराद्यानेच मासेमारी करायला २००९ पासून तिथे मनाई आहे, कारण नुसत्या करमणुकीसाठी जिवाला त्रास देणं प्राणिसंरक्षण कायद्यात बसत नाही. दोन्ही बाजूंना तर्क आहे. कुठल्या पाण्यावर उभे आहात, तिथला नियम पाळायचा.

आपल्याकडे ट्राउट इंग्रजांच्या हौसेने आला. काश्मीरला १८९९ मध्ये आलेली अंडी वाटेतच गेली, १९०० मधली जगली. महाराजा प्रतापसिंहांच्या राज्यात, श्रीनगरला गालिचांचा कारखाना चालवणाऱ्या मिचेल नावाच्या स्कॉटिश माणसाने ती वाढवली. श्रीनगरजवळच्या हरवनच्या हौदांतून पिल्लं नद्यांत गेली आणि १९०९ मध्ये तिथलीच अंडी कुलूला पोचली. हिमाचलात नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउटची मासेमारी बंद असते, तो विणीचा काळ. थंड पाण्याअभावी महाराष्ट्रातल्या सह्याद्रीत हा मासा रुजला नाही.

आपला संबंध आला तो महसीर या नदीतल्या मोठ्या माशामुळे, आणि तोही जरा अवघड. लोणावळ्याच्या टाटा केंद्रात वाढवलेली निळ्या परांच्या महसीरची पिल्लं कर्नाटकात कावेरीत सोडली गेली. तिथे 'पकडा आणि सोडा' तत्त्वावर छावण्या चालत, आणि गालिबोरे छावणीत पकडलेल्या माशांच्या नोंदी ठेवलेल्या होत्या. संशोधकांनी १९९८ ते २०१२ च्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसलं, की आपला निळ्या परांचा मासा वाढत गेला आणि कावेरीचा स्वतःचा कुबडवाला महसीर जवळजवळ नाहीसा झाला. २०१८ मध्ये तो अतिसंकटग्रस्त ठरला. ती छावणी ज्या अभयारण्यात होती, तिथे मासेमारी बंद झाल्यावर तिच्या नोंदीही थांबल्या.